वेबसाइटवर कॉपी केस झाली तर...

‘गूगलवर टाक, सापडेल’ हे वाक्य आपल्या हॉस्टेलवर मेसच्या मेनूपेक्षा जास्त वेळा ऐकू येतं. पण गूगलवर टाकूनसुद्धा ज्याची वेबसाइट सापडत नाही, त्या दुकानदाराचं काय होत असेल? पंप दुरुस्तीवाला असो की केटरर, बरीच गिऱ्हाइकं आता सर्चमधूनच येतात. एके दिवशी वेबसाइट पहिल्या पानावरून सहाव्या पानावर जाते आणि दुकानातला फोन वाजायचा थांबतो. आपल्यापैकी बरेच जण पॉकेटमनीसाठी अशा वेबसाइट बनवून देतात. म्हणून हा लेख.

शिक्षा मुळात कशाबद्दल?

लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना ‘पेजरँक’ची कल्पना मांडली आणि १९९८ मध्ये गूगल कंपनी काढली. कल्पना सोपी आहे. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली, म्हणजे त्याला मत दिलं. ज्या पानाला स्वतःलाच भरपूर मतं आहेत, त्याच्या मताला वजन जास्त. आता मत म्हटलं की मतं विकत घेणारे आलेच! शेकड्याच्या भावाने लिंक विकणं, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द कोंबणं, गावाचं नाव बदलून एकच मजकूर पन्नास पानांवर चिकटवणं, असे उद्योग सुरू झाले.

गूगलनेही मग कात्री चालवली. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ आला, तो निकृष्ट मजकुरावर. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आला, तो खोट्या लिंकांवर. यात मोठेही सुटले नाहीत. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट फसवी पानं ठेवल्याबद्दल गूगलमधून काढली गेली. ती पानं हटवल्यावर काही दिवसांतच ती परत आली. २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीचं विकत घेतलेल्या लिंकांचं प्रकरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बाहेर काढलं आणि तिचं रँकिंग धाडकन खाली आलं.

आधी निदान, मग औषध

वेबसाइट खाली गेली म्हणजे शिक्षाच झाली असं नाही. शक्यता तीन.

पहिली, साधा बिघाड. बनवताना लावलेली ‘नोइंडेक्स’ची खूण तशीच राहिली, रोबोट्सच्या फाइलने दार बंद केलं, किंवा साइट हॅक झाली. हे सगळ्यात आधी तपासा.

दुसरी, कॉपी केस. म्हणजे गूगलच्या माणसाने साइट पाहून केलेली कारवाई, ‘मॅन्युअल ॲक्शन’. ही झाली असेल तर गूगलच्या फुकट मिळणाऱ्या ‘सर्च कन्सोल’मध्ये त्याच नावाच्या पानावर कारणासकट लिहिलेलं असतं.

तिसरी, नुसते कमी मार्क. कारवाई नाही, पण अल्गोरिदमला तुमच्यापेक्षा दुसरे बरे वाटले. इथे अर्ज करायला कमिटीच नाही. मजकूर सुधारायचा आणि वाट पाहायची. त्याला महिनेही लागतात.

कॉपी केसची सुनावणी

गेल्या सुट्टीत एका मित्राच्या वडिलांच्या कूलर दुरुस्तीच्या वेबसाइटवर मी हे काम केलं. ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणाऱ्या एकाने त्यांच्याकडून पैसे घेऊन शेकडो लिंका लावल्या होत्या, त्यातल्या कित्येक परदेशी जुगाराच्या साइटवर! कूलरचा आणि जुगाराचा संबंध काय, हे तपासणाऱ्याला कळायला वेळ लागला नसणार.

काम असं चालतं. सर्च कन्सोलमधून लिंकांची यादी उतरवून एक्सेलमध्ये घ्यायची. प्रत्येकीपुढे खरी की विकतची, हा शेरा. विकतच्या साइटवाल्यांना लिंक काढा म्हणून मेल करायचा आणि तारीख नोंदवायची. बहुतेक जण उत्तरच देत नाहीत. एका पठ्ठ्याने तर लिंक काढायचेही पैसे मागितले. ज्या निघत नाहीत त्या एका टेक्स्ट फाइलमध्ये घालून ‘डिसअव्हाउ’ या साधनातून कळवायच्या, म्हणजे ‘ही मतं माझ्या खात्यात धरू नका’. मात्र हे हत्यार जपून वापरा. बहुतेक साइटना त्याची गरज नसते असं गूगलच सांगतं, आणि सरसकट सगळं नाकारलं तर चांगल्या लिंकाही जातात.

मग फेरविचाराचा अर्ज. त्यात तीन गोष्टी हव्यात: नेमकं काय चुकीचं होतं, ते सुधारायला काय केलं, आणि त्याचा परिणाम काय झाला. एक्सेलची शीट हाच पुरावा. ‘आम्ही गरीब आहोत, माफ करा’ याचा उपयोग शून्य. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर पुन्हा पुन्हा अर्ज करू नका.

सुटका झाली, पुढे काय?

आमची कारवाई उठली. पण साइट जुन्या जागी परतली नाही. ‘मग मिळालं काय?’ असं काकांनी विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. शिक्षा उठणं आणि जागा परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी जागा विकतच्या मतांवर उभी होती. ती मतं बाद झाल्यावर जी उरते, ती आपली खरी जागा. शिक्षा उठल्यावर फक्त तिथून वर चढायची वाट मोकळी होते.

चढायचं कसं? काकांना वीस वर्षांचा अनुभव होता, पण साइटवर त्यातलं अक्षरही नव्हतं. पंपात क्षार साठले तर काय करावं, मोटर जळाली की रिवाइंडिंग परवडतं का, खस कधी बदलावी, हे त्यांनी सांगितलं आणि आम्ही लिहून काढलं. गूगल मॅपवर दुकानाची नोंद, पत्ता आणि फोन नीट केला. गिऱ्हाइकांना खरा अभिप्राय लिहायला सांगितलं, बदल्यात काही न देता. फोन हळूहळू येऊ लागले, पूर्वीइतके अजून नाहीत.

तेव्हा मित्रांनो, कुणाची साइट बनवून द्याल तेव्हा सर्च कन्सोलचं खातं मालकाच्याच नावावर काढा, म्हणजे तुम्ही पास होऊन गेलात तरी चावी त्याच्याकडे राहील. आणि पहिल्या नंबरची हमी देऊ नका. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही हे गूगल स्वतः सांगतं. जो देतो, त्याचं बिल दुकानदाराला दोनदा भरावं लागतं.