बॉनेटखाली (भाग ६) : रेडिएटर पाणी पीत नसतो

"माझी गाडी जरा पाणी पिते," असं सांगणारे गाडीमालक अजून भेटतात. डिकीत पाण्याचा कॅन, दर पंधरवड्याला झाकण उघडून थोडं पाणी ओतायचं, आणि वर गाडीची नीट काळजी घेतल्याचं समाधान. गेल्या भागात इंजिन ऑइलबद्दल लिहिताना म्हटलं होतं की थोडंफार ऑइल जळणं काही इंजिनांत चालून जातं. पाण्याचं तसं नाही. आजच्या गाडीत कूलंटचा मार्ग बंद असतो. तेच ते द्रव इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरत राहतं. वर्षभरात बाटलीतली पातळी किंचित उतरली तर समजू शकतं. महिन्याला पाणी घालावं लागत असेल, तर ते एकतर बाहेर गळतंय किंवा इंजिनाच्या आत शिरतंय. दोन्हींवर उपाय पाणी ओतणं हा नव्हे.

अर्थात ही सवय आली कुठून, हे कळण्यासारखं आहे. पहिल्या मोटारी खरोखरच पाणी पीत. कार्ल बेंझच्या तीनचाकीला रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ उडून जायची आणि उष्णता सोबत घेऊन जायची. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांसह ही गाडी घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमला, म्हणजे माहेरी निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, आणि वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावं लागलं. हा प्रश्न नीट सोडवला विल्हेल्म मायबाख यांनी. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्यांनी ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या जोडून एक जाळी बनवली. नळ्यांमधून वारा आणि नळ्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी. आजच्या रेडिएटरमध्ये उलट असतं. पाणी चपट्या नळ्यांतून जातं आणि वारा त्यांच्यामधल्या पातळ पत्र्याच्या घड्यांतून. युक्ती मात्र तीच, थोड्या पाण्याला भरपूर पृष्ठभाग द्यायचा. पूर्वी हे सगळं तांब्या-पितळेचं असे आणि गळालं की डाख मारून चालू करता येई. आता जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. वजन कमी आणि खर्चही कमी, पण प्लास्टिक तडकलं की बहुतेक वेळा पूर्ण रेडिएटरच बदलावा लागतो.

बाहेर टाकायची उष्णता असते तरी किती? ढोबळ हिशेब करू. छोटी पेट्रोल गाडी ताशी ८० किलोमीटरने जाताना लिटरला २० किलोमीटर देते असं धरलं, तर तासाला ४ लिटर पेट्रोल जळतं. त्यातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली कूलंटच्या वाट्याला येते. हा वाटा सुमारे १२ किलोवॉट भरतो. घरातला पाण्याचा गिझर २ किलोवॉटचा असतो. म्हणजे सहा गिझर एकदम चालू ठेवल्याइतकी उष्णता त्या हात-दीड हात रुंद जाळीने अखंड वाऱ्यावर सोडायची.

आता तीच गाडी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढते आहे असं समजा. आत पाच माणसं आहेत, एसी चालू आहे, गिअर दुसरा आणि वेग ताशी ३०. ॲव्हरेज ६ वर आलं, तर तासाला जळणारं पेट्रोल ४ ऐवजी ५ लिटर होतं. उष्णता वाढली, पण समोरून येणारा वारा निम्म्याहून कमी झाला. घाटात गाड्या गरम होतात त्या नुसत्या उन्हामुळे नव्हे, तर काम वाढतं आणि वारा घटतो म्हणून. त्यात एसीचा कंडेन्सर नेमका रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. घाटात एसी बंद करा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते उगाच नाही.

वाऱ्याची ही कमतरता भरून काढायला पंखा असतो. कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचलं की तो आपोआप सुरू होतो. काही गाड्यांत तर इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ फिरतो, त्याने घाबरायचं कारण नाही. यातून निदानाची एक सोपी खूण मिळते. गाडी सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये तापते, मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खाली येतो, तर आधी पंख्यावर संशय घ्या. फ्यूज, रिले, मोटर किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक, पण वेगात किंवा चढावर तापते, तर जाळी आतून वा बाहेरून तुंबली आहे, किंवा पाणी फिरवणारा पंप, ज्याला गॅरेजमध्ये 'वॉटर बॉडी' म्हणतात, थकला आहे. इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो.

या थर्मोस्टॅटइतका अन्याय आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या भागावर झाला नसेल. पितळी डबीत खास मेण भरलेलं असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तापायलाच हवं. ही सगळी व्यवस्था इंजिन थंडगार ठेवण्यासाठी नसून नव्वद अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी असते. "आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही" म्हणून तो काढून फेकणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. परिणाम असा की इंजिन गार राहतं, कंट्रोल युनिट पेट्रोल जास्त सोडत राहतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येतं आणि गाडी आणखीच तापते. पंखा 'डायरेक्ट' करून देणं, म्हणजे तो सतत फिरत राहील असा जोडणं, हा त्याच शाळेतला दुसरा उपाय. वाटेत अडकलात तर घरी पोहोचण्यापुरता ठीक, कायमचा मुळीच नाही.

रेडिएटरच्या झाकणाची गोष्ट याहून रंजक आहे. महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातलं पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे चालू इंजिनाच्या तापमानापासून फक्त पाच-सहा अंशांवर. म्हणून झाकणात एक स्प्रिंग असते. ती आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १ बारने वाढू देते. तेवढ्यानेच पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत जातो, कूलंटचं मिश्रण असेल तर आणखी वर. दाब त्याहून वाढला की थोडं द्रव बाजूच्या बाटलीत जातं आणि इंजिन निवलं की परत ओढलं जातं. काही गाड्यांत हे झाकण थेट बाटलीवरच असतं. रबर सुकलेलं किंवा स्प्रिंग सैल झालेलं झाकण दाब धरत नाही, मग सगळं ठणठणीत असूनही गाडी उकळते. बदलताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवून घ्या, 'बसतंय' एवढ्यावर घेऊ नका.

हाच दाब भाजण्यालाही कारण होतो. आत ११० अंशांचं द्रव केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. झाकण फिरवलंत की दाब जातो आणि त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होऊन सगळं तोंडावर उसळतं. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. अर्धा-पाऊण तास थांबायचं, वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवाला की जाड फडकं घेऊन हळूच सैल करायचं.

घाटात लाल दिवा लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. मे महिन्यात हे छळासारखं वाटेल, पण हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच; तो इंजिनाची उष्णता तुमच्याकडे वळवतो. जागा मिळताच बाजूला घ्या. वाफ दिसत असेल तर लगेच इंजिन बंद. "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ" या दोन किलोमीटरमध्येच ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. आणि काटा अचानक खाली आला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. पाणी सगळं गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं सांगू लागतो.

कूलंट पाण्यापेक्षा जास्त थंड करतं, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच सरस. कूलंटमधलं ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवतं, लेह-मनालीसारख्या ठिकाणी पाणी गोठू देत नाही. त्यातली रसायनं गंज रोखतात. आपल्याकडे या शेवटच्या कामाचं मोल सर्वांत जास्त. बोअरचं पाणी घालत राहिलं की नळ्यांत क्षाराचा थर बसतो आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. म्हणून तयार मिश्रण घ्या. घट्ट कूलंट घेतलं तर पुस्तिकेतल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-निळा हा कुठलाही ठरलेला नियम नाही. वेगळ्या जातीची कूलंट एकत्र झाली तर काही वेळा त्यांचा चिकट गाळ होतो. बदलण्याचा काळही पुस्तिकेतच पाहा. साधं कूलंट दोनेक वर्षं, टिकाऊ जातीचं पाच किंवा अधिक.

बाकी देखभाल फारशी नाही. गार इंजिनावर बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते महिन्याला पाहायचं. रबरी पाइप दाबून पाहायचे. पिचपिचीत किंवा कडक होऊन तडे गेलेले असतील तर क्लिपसकट बदलायचे. जोडांजवळ पांढरट-हिरवट वाळलेले डाग म्हणजे गळती. बाहेर कुठेच गळत नाही आणि तरी पातळी उतरते, तेव्हा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते का बघा. किंवा इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून ते सुरू करा. बुडबुडे येतच राहिले तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यानंतर जाळीत किडे आणि चिखल अडकतो, विशेषतः कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत. तो साध्या नळाच्या धारेने, शक्यतो इंजिनाच्या बाजूने पुढे धुवावा. सर्व्हिस सेंटरचा जेट जवळून मारला की पत्र्याच्या घड्या चेपतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात. थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, आणि उरलेली नवी बाटली माळ्यावर ठेवताना तिचं लेबल काढू नका.

(पुढील भागात : बॅटरी)