आहे, पण सापडत नाही

आमच्या वार्षिकाचे जुने अंक आम्ही काही विद्यार्थ्यांनी पानापानाने स्कॅन केले. हजारो चित्रे झाली आणि ती सारी एकाच हार्ड डिस्कवर होती. दिवाळीनंतर ती डिस्क कुरकुरू लागली. काही अंकांचे कागद हात लावताच तुटतात, त्यामुळे ते पुन्हा स्कॅन करणे शक्यच नव्हते. दुसरी प्रत तातडीने कोठे तरी ठेवणे भाग होते.

ती क्लाउडवर ठेवायचे ठरले. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांवर भाड्याने घेतलेली जागा. अ‍ॅमेझॉनने २००६ साली 'एस-थ्री' या नावाने अशी जागा द्यायला सुरुवात केली. २०१६ पासून त्यांची केंद्रे मुंबईतही आहेत. ब्राउझरमधून फाइली चढवताना मध्येच नेट गेले, की कोठवर आलो होतो ते कळेना. त्यावर उपाय 'एडब्ल्यूएस सीएलआय' या साधनाचा. यात बटणे नाहीत. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची. 'सिंक' ही आज्ञा दिली, की पलीकडे नसलेल्या किंवा बदललेल्या फाइलीच तेवढ्या जातात. काम मध्येच थांबले तरी चिंता नको.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. हे साधन मी पूर्वी एकदा पायथनच्या 'पिप'मार्फत बसवले होते. आज्ञा दिली, तर पडद्यावर पाचसहा ओळी आल्या आणि शेवटी 'नो मॉड्यूल नेम्ड एडब्ल्यूएससीएलआय'. जुने बिघडले असेल, नवे बसवू, असे म्हणून दुसऱ्या आवृत्तीची झिप फाइल उतरवली, गाठोडे सोडले, इन्स्टॉलर चालवला. काम झाल्याचा निरोप आला. पुन्हा आज्ञा दिली, तर तीच तक्रार! पुन्हा बसवू गेलो, तर 'आधीच बसवलेले आहे, अपडेट करायचे तर तसे सांगा' अशा अर्थाचा निरोप. म्हणजे साधन आहेही आणि चालतही नाही. रात्रीचे अकरा वाजले होते आणि डिस्क कुरकुरतच होती.

वाचकहो, माझी चूक येथेच झाली. मी निरोप वाचत होतो, पण कोण बोलत आहे ते विचारत नव्हतो.

आपण आज्ञेचे नाव टंकतो, तेव्हा संगणक त्या नावाची फाइल सगळीकडे शोधत नाही. त्याच्याजवळ 'पाथ' नावाची फोल्डरांची यादी असते. त्या क्रमाने तो जातो आणि त्या नावाची जी पहिली फाइल सापडेल ती चालवतो. एकाच नावाचे दोन भाडेकरू असलेल्या वाड्यात टपालवाल्याने पहिल्या दारी पत्र टाकून निघून जावे, तसा हा प्रकार. 'टाइप -ए' ही आज्ञा साधनाच्या नावासह दिली, की त्या नावाची सारी दारे क्रमाने दिसतात. मला दोन दिसली: पहिले माझ्या होम फोल्डरातील '.लोकल/बिन'मध्ये, दुसरे '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये. पहिल्या दारी जुनी आवृत्ती होती, नवी दुसऱ्या दारी मुकाट बसली होती.

मग जुनी का बिघडली? उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० होते, २४.०४ मध्ये ३.१२ आले. पिपने बसवलेले सामान ३.१० च्या फोल्डरात राहिले. नवे पायथन तेथे पाहतच नाही. दारावर पाटी होती, घर रिकामे होते. दुसरी आवृत्ती स्वतःचे पायथन बरोबर घेऊन येते, म्हणून तिला ही बाधा होत नाही.

जुनी फाइल काढली. तरी संगणक त्याच दाराशी जाऊन 'अशी फाइल नाही' म्हणू लागला! बॅश हा आज्ञा वाचणारा कारभारी एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो. 'हॅश -आर' म्हटले, की तो विसरतो. नवे टर्मिनल उघडले तरी चालते. त्यानंतर आवृत्ती विचारली, तेव्हा दोनचा आकडा पाहून जीव भांड्यात पडला. पुढे 'क्रेडेन्शियल्स सापडत नाहीत' असे आले, पण तो बिघाड नव्हता. 'कॉन्फिगर' म्हणून किल्ल्या दिल्या आणि काम सुरू झाले.

असेच आणखी दोन निरोप ओळखून ठेवावेत. 'कमांड नॉट फाउंड' म्हणजे यादीतल्या एकाही फोल्डरात ते नाव नाही. साधन यादीबाहेर बसले असू शकते. 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणजे बहुधा इंटेलच्या जातीच्या चिपसाठी केलेली फाइल एआरएम चिपवर चालवली जात आहे, किंवा उलट. पहिल्यात पुन्हा बसवून उपयोग नाही, आणि दुसऱ्यात तीच झिप शंभरदा उतरवूनही नाही. पायथनची लांबलचक तक्रार आली, तर शेवटची ओळ आधी वाचावी. खरे दुखणे बहुतेक तेथेच असते.

पहाटेपर्यंत सगळे अंक मुंबईच्या केंद्रात पोहोचले. डिस्क त्यानंतर आठवडाभर चालली. मी तीन तास साधन बसवत होतो. ते कोठे आहे हे विचारायला मिनिटही लागले नसते.