शिर्डीत घर घेण्याआधी एक मे महिना तिथे राहून पाहावा

निवृत्ती जवळ आली की मुंबई-ठाण्यातल्या अनेक घरांत एक विषय निघू लागतो. लोकलची धक्काबुक्की, दमट हवा, चौथ्या मजल्याचे जिने आता पुरे झाले. इथली जागा विकून उरलेले आयुष्य एखाद्या श्रद्धेच्या ठिकाणी शांतपणे काढावे. वर्षानुवर्षे साईबाबांच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या मनात तेव्हा शिर्डी येते. ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडीचा विमानतळ सुरू झाला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला आणि फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत धावू लागली. ‘मुलांना वाटेल तेव्हा येता येईल’ हे म्हणणे त्यामुळे अधिक खरे वाटू लागले.

ही ओढ जुनीच आहे. साईबाबांच्या हयातीतच मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांनी शिर्डीत वाडा बांधला. नागपूरच्या बापूसाहेब बुटींनी बांधलेल्या वाड्यातच आज समाधी मंदिर आहे. पण दोन दिवसांचे दर्शन वेगळे आणि बारा महिन्यांचा मुक्काम वेगळा. साठीनंतर गाव बदलताना सामानाबरोबर रक्तदाब, मधुमेह, गुडघे आणि हृदयही नव्या गावी जाते. गोळ्यांची चिठ्ठी तीच राहते. हवा, पाणी, डॉक्टर आणि शेजार मात्र बदलतो. म्हणून हा निर्णय जितका पैशांचा आणि श्रद्धेचा, तितकाच आरोग्याचाही आहे.

गाव बदलल्याने आयुर्मान बदलते?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ एमी फिंकेलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. उतारवयात एका भागातून दुसऱ्या भागात राहायला गेलेल्या लोकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, आयुर्मानाच्या दृष्टीने प्रतिकूल भागातून अनुकूल भागात गेल्यास ६५ व्या वर्षीच्या अपेक्षित आयुष्यात साधारण १.१ वर्षांची भर पडू शकते. अनुकूल भागांमध्ये वैद्यकीय सेवा अधिक आणि चांगल्या दर्जाची असल्याचेही दिसले. अर्थात, सेवेमुळेच आयुष्य वाढले असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय अमेरिकेतले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही जागेचा परिणाम म्हातारपणीही होतो आणि तो दोन्ही दिशांनी होऊ शकतो, एवढे त्यातून नक्की कळते.

कोरडी झळ, पहाटेचा गारठा

अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. शिर्डीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावर साचतो, त्यामुळे पाणी कमी होते आहे याची आठवण राहते. कोरड्या हवेत घाम येताच वाळतो. अंग कोरडे दिसते आणि आत पाण्याची तूट वाढत जाते. उतारवयात तहानही उशिरा लागते. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर उठताना चक्कर येणे, पडणे, मूत्रपिंडांवर ताण येणे हे सगळे शक्य असते. निरोगी शरीराला नव्या उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात; ज्येष्ठांना त्याहून अधिक. कायमचे राहायला जायचेच असेल, तर दिवाळीनंतर जाणे बरे. उन्हाळा हळूहळू अंगवळणी पडतो. गोळ्यांची मात्रा मात्र ऋतूप्रमाणे डॉक्टरांनीच बदलावी, स्वतःहून बंद करू नये.

थंडीची तऱ्हा याच्या उलट. मुंबईत स्वेटर कपाटातच राहतो. इथे डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगलीच बोचते. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, दम्याचा त्रास बळावतो. पहाटेच्या काकड आरतीला जाणाऱ्या हृदयरोग्याने कान आणि छाती झाकूनच बाहेर पडावे.

नळाचे पाणी, बोअरचे पाणी

राहाता तालुका गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात येतो. पाटपाणी आले, ऊस आला, समृद्धी आली. पण पाटपाणी आणि खतांच्या अतिवापरामुळे अशा पट्ट्यांत क्षारपड जमिनी आणि भूजलातील नायट्रेट हे प्रश्नही उभे राहतात. नव्या वसाहतींत नळाच्या जोडीला बोअरचे पाणी वापरले जाते. घर पाहताना फरशी आणि खिडक्या पाहिल्या जातात, पाण्याचा अहवाल क्वचितच मागितला जातो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेटचा सर्वाधिक धोका बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असतो. सुटीत नातवंडे येणार असतील तर हे ध्यानात ठेवायला हवे. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार किंवा नायट्रेट कमी होत नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. खारट पाण्यात सोडियमही असते, त्यामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्या हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी बोअरचे पाणी तपासूनच प्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. जड पाण्याने मुतखडा होतोच, ही समजूत मात्र खरी नाही. त्याचे मोठे कारण म्हणजे उन्हाळ्यात कमी पाणी पिणे.

रात्री दोन वाजता

आरोग्यसेवेच्या बाबतीत शिर्डी याच आकाराच्या इतर गावांपेक्षा सुदैवी आहे. साई संस्थानची दोन रुग्णालये गावातच आहेत आणि तिथे हृदयावरील उपचारही होतात. सुमारे २० किलोमीटरवर लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे. त्यापुढे नाशिक, साधारण ९० किलोमीटर.

पण रुग्णालय आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. रात्री दोन वाजता तिथे काय सुरू असते, हे विचारायला हवे. हृदयविकाराचा झटका आल्यास रुग्ण दाखल झाल्यापासून शक्यतो ९० मिनिटांत बंद रक्तवाहिनी उघडली जावी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून सीटी, अँजिओप्लास्टी, व्हेंटिलेटरची खाट आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांपैकी काय चोवीस तास मिळते, हे स्वतः जाऊन विचारावे. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि वर्षअखेरीस रस्ते भाविकांनी भरून जातात. अशा दिवशी १०८ची रुग्णवाहिका आपल्या गल्लीपर्यंत येऊ शकेल का, हेही पाहावे.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. ते ज्या रुग्णालयात मिळते, ते नव्या घरापासून किती लांब आहे आणि खासगी विम्याच्या यादीत तिथले कोणते रुग्णालय आहे, हे आधीच माहीत असावे.

गुरुवारचा उपवास, अनवाणी पाय

मधुमेहींसाठी तीर्थक्षेत्रातल्या वास्तव्याचे काही खास धोके असतात. शिर्डीला आल्यावर गुरुवारचा उपवास नेमाने सुरू होतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच मात्रेत घेऊन जेवण टाळले, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी उपवास मोडून लगेच साखर खायलाच हवी. उलट साबुदाण्याच्या खिचडीने आणि प्रसादाच्या लाडवांनी ती भरकन चढते. दुसरा धोका पायांचा. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. मे महिन्यातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना तळवा भाजला तरी कळत नाही. फोड दिसतो तो संध्याकाळी. जाड मोजे घालावेत आणि घरी आल्यावर रोज तळवे पाहावेत.

दोघांपैकी एकच उरले तर?

घर घेताना हा प्रश्न सहसा कोणी तोंडावर आणत नाही. विचार दोघांचा होतो, पण शेवटची काही वर्षे बहुधा एकालाच काढावी लागतात. ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जुन्या इमारतीत दूधवाला, खालचा दुकानदार, समोरच्या वहिनी यांचे लक्ष असते. सकाळी दार उघडले नाही तर कोणीतरी हाक मारते. नव्या गावात ती हाक कोण मारणार, याचे उत्तर हवे. सत्संग, भजनी मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्या महिन्यापासून जाणाऱ्यांना ते लवकर सापडते.

विसराळूपणा सुरू झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. जुन्या घरात अंधारातही पाय आपोआप न्हाणीघराकडे वळतात. नव्या घरात तीच व्यक्ती गोंधळते, रात्री पडते. खुब्याचे हाड मोडले की पुढचे सारेच बदलते. स्थलांतर करायचेच असेल तर स्मरणशक्ती धड असतानाच करावे.

विकण्याआधी राहून पाहावे

जुने घर लगेच विकू नये. वर्षभर शिर्डीत भाड्याने राहावे. निदान मे महिना, थंडीतला एक महिना आणि उत्सवाच्या गर्दीचा एक आठवडा तरी काढावा. पहिल्याच आठवड्यात एक डॉक्टर ठरवावा. जुने अहवाल, ईसीजी आणि औषधांची यादी त्यांच्याकडे द्यावी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल विचारावे, कारण देशभरातून येणाऱ्या गर्दीबरोबर संसर्गही येतात. न्हाणीघरात दांड्या आणि रात्रीचा दिवा लावून घ्यावा.

वर्ष संपल्यावर नवरा-बायकोने वेगवेगळे बसून एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: जोडीदार नसताना मी इथे राहीन का? दोघांचेही उत्तर ‘हो’ असेल, तर शिर्डीत खुशाल घर घ्यावे. एकाचेही ‘नाही’ असेल, तर दर्शनाला येत राहावे आणि घर आहे तिथेच ठेवावे.