बेरीज नेमकी कुठे चुकते?

२०२० च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडमधील करोना रुग्णांचा आकडा एकाएकी फुगला. साथ एका रात्रीत भडकली नव्हती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण रोजच्या मोजणीतून निसटले होते, ते नंतर जोडले गेले. निसटण्याचे कारण होते एक्सेलच्या जुन्या प्रकारातील फाइल. या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. एकेका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत असल्याने ही मर्यादा लवकर गाठली गेली आणि पुढच्या नोंदी गळून पडल्या.

त्या रुग्णांना स्वतःचा अहवाल कळला होता. पण संपर्कातील व्यक्तींचा शोध घेणाऱ्या यंत्रणेपर्यंत त्यांची नावे वेळेवर पोहोचली नाहीत. त्यामुळे ज्यांनी घरी थांबायला हवे होते अशी कितीतरी माणसे त्या दिवसांत नेहमीप्रमाणे वावरत राहिली.

एक्सेल, गुगल शीट्स यांसारखी साधने आता प्रयोगशाळा, दवाखाने, शाळा, सहकारी संस्था आणि घरखर्चाच्या हिशेबापर्यंत पोहोचली आहेत. त्यांचे गणित सहसा चुकत नाही. चुकतो तो आपला समज. आपण काय लिहिले आहे आणि संगणकाने त्याचा काय अर्थ लावला आहे, यात अंतर पडते. लाल अक्षरात चूक दाखवणारा रकाना त्या मानाने परवडला. तो निदान बोंब तरी मारतो. खरा धोका असतो तो बरोबर वाटणाऱ्या चुकीच्या उत्तराचा.

जनुकाची झाली तारीख

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जनुकशास्त्रातील आहे. ‘सेप्ट-२’ आणि ‘मार्च-१’ ही मानवी जनुकांची लघुनावे होती. इंग्रजीत ती टाइप केली की एक्सेल त्यांना २ सप्टेंबर आणि १ मार्च समजून बसे. या गोंधळाकडे २००४ मध्येच एका शोधनिबंधाने लक्ष वेधले होते. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जनुकांच्या याद्या जोडलेले ३,५९७ शोधनिबंध तपासले, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलल्याचे जाहीर केले. ‘सेप्ट-२’चे ‘सेप्टिन-२’ झाले. आपोआप होणारा हा बदल बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली.

आपल्याकडे असाच घोळ तारखांच्या लिहिण्यावरून होतो. भारतात आधी दिवस आणि मग महिना लिहितात, अमेरिकेत उलट. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर ५/७ ही ५ जुलै न राहता ७ मे होते. १३/७ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती नुसती अक्षरे म्हणून पडून राहते. लसीच्या पुढच्या मात्रेचा दिवस अशा यादीवरून काढला, तर काही मुलांची तारीख चुकेल आणि काहींची निघणारच नाही.

बेरजेतून सुटलेले आकडे

बेरीज कमी येण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे अक्षरांच्या वेषातील आकडे. दुसऱ्या प्रणालीतून उतरवून घेतलेल्या माहितीत आकड्याला चिकटून एखादी मोकळी जागा येते, किंवा अख्खा रकानाच मजकूर म्हणून साठवला जातो. डोळ्यांना ४५ दिसतात, पण बेरजेचे सूत्र त्या रकान्याला वगळून पुढे जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे: मुद्दाम बदलले नसेल तर खरे आकडे रकान्यात उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे.

दुसरे कारण सूत्राची अपुरी व्याप्ती. यादी वाढते, पण सूत्र जुन्याच ओळीपाशी थांबलेले असते. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० मधील सरकारी कर्जावरील गाजलेल्या निबंधात नेमके हेच झाले होते. सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने ते पकडले. त्या निबंधावर इतरही आक्षेप होते, पण लोकांच्या लक्षात राहिले ते सुटलेले पाच देश.

सरासरीचा फसवा हिशेब

रिकामा रकाना आणि शून्य यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. एखाद्याने तीन दिवस उपाशीपोटी साखर मोजली आणि ११०, १२०, १३० अशी नोंद केली. चौथ्या दिवशी मोजायचे राहिले. तो रकाना रिकामा ठेवला तर सरासरी १२० येते, तिथे ० लिहिले तर ९०. मोजले नाही म्हणजे शून्य नव्हे.

टक्केवारीची सरासरीही अशीच चकवते. एका गावातील ४० पैकी ३६ मुलांचे लसीकरण झाले, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्या गावात ४०० पैकी २०० झाले, म्हणजे ५० टक्के. दोन्ही टक्क्यांची सरासरी ७० येते. पण खरे पाहता ४४० पैकी २३६ मुलांनाच लस मिळाली आहे, म्हणजे जेमतेम ५४ टक्के. अहवालात ७० लिहिले गेले, तर लस न मिळालेली २०४ मुले त्या आकड्याआड दिसेनाशी होतात. अशा वेळी आधी मूळ संख्यांची बेरीज करावी आणि भागाकार सर्वांत शेवटी करावा.

आलेख आणि बेरीज जुळत नाही तेव्हा

एक्सेलमध्ये लपवलेल्या ओळी साध्या बेरजेत धरल्या जातात, पण आलेखात सहसा येत नाहीत. त्यामुळे एकाच पानावरील बेरीज एक सांगते आणि शेजारचा आलेख दुसरेच. गाळणी लावून दिसतील तेवढ्याच ओळी मोजायच्या असतील, तर ‘सम’ऐवजी ‘सबटोटल’ हे सूत्र वापरावे लागते.

तारखा मजकूर म्हणून राहिल्या असतील, तर आलेख त्यांना सारख्या अंतरावर मांडतो. जानेवारी, फेब्रुवारी आणि थेट ऑगस्टमध्ये केलेली रक्ततपासणी मग एकेका महिन्याच्या अंतराने केल्यासारखी दिसते. हळूहळू झालेला बदल त्यामुळे अचानक झाल्यासारखा भासतो. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो ना, हेही पाहावे. १२ आणि १२.५ हिमोग्लोबिनचे स्तंभ ११.५ पासून काढले, तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो.

तपासणीच्या चार सवयी

पहिली, आलेल्या नोंदी आणि शीटमधील ओळी मोजून जुळवाव्यात. इंग्लंडमधील गळती या एका ताळ्याने पकडता आली असती. दुसरी, बेरजेचा स्तंभ निवडून खालच्या पट्टीवर किती रकाने आणि त्यांत किती आकडे आहेत ते पाहावे. दोन्ही संख्या जुळल्या नाहीत, तर काही आकडे मजकूर झाले आहेत. तिसरी, सूत्राच्या रकान्यावर दोनदा क्लिक करून त्याची चौकट कुठवर जाते ते बघावे. चौथी, उत्तराचा अंदाज आधी मनात बांधावा. ९० आणि ५० यांचे उत्तर मोठ्या गावाकडे झुकायला हवे, हे कळायला संगणक लागत नाही.

आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे दुसरी नजर. बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो, तसाच नियम प्रयोगशाळेच्या शीटला आणि आरोग्य केंद्राच्या मासिक अहवालालाही लावता येतो. त्याला लागतात फार तर दहा मिनिटे.