नवा कॉम्प्युटर, पहिला ऑनलाइन फॉर्म: एवढे शॉर्टकट पुरेत

आमच्या नागभीडकडे घरात नवा कॉम्प्युटर आला की गेम-बिम नंतर, आधी कुणाचा तरी फॉर्म भरायला घेतात. महाडीबीटीची शिष्यवृत्ती, नाहीतर भरतीचा अर्ज. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तरी पैसे अडकू शकतात. म्हणून शॉर्टकटची लांबलचक यादी पाठ करू नका. मी या एका कामाला लागणारेच सांगतो. विंडोज १० आणि ११, दोन्हींवर चालतात.

१. दोन खिडक्या शेजारी-शेजारी

फॉर्म उघडा, विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवा आणि डावा बाण दाबा. फॉर्म अर्ध्या स्क्रीनवर जाईल. उरलेल्या अर्ध्या भागात बाकीच्या उघड्या खिडक्या दिसतील, त्यातली पासबुकाची पीडीएफ निवडा. आता आकडे समोरासमोर ताडून बघता येतात, लक्षात ठेवून टाइप करायची गरज नाही. काम झालं की विंडोज + वरचा बाण गरजेप्रमाणे एक-दोनदा दाबा, खिडकी पुन्हा मोठी होते.

स्क्रीन लहान असेल तर ऑल्ट + टॅब वापरा. एका खिडकीतून दुसरीत लगेच जाता येतं.

२. कॉपी-पेस्ट

कंट्रोल + सी म्हणजे कॉपी, कंट्रोल + व्ही म्हणजे पेस्ट, कंट्रोल + झेड म्हणजे आत्ता केलेलं मागे घेणं. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर ती फोटोसारखी असते, त्यातला मजकूर सहसा कॉपी होत नाही. तिथे आकडे बघूनच टाका.

३. मराठी-इंग्रजी

मराठी कीबोर्ड जोडलेला असेल तर विंडोज + स्पेसबार दाबून भाषा बदलता येते. नाव मराठीत, ईमेल इंग्रजीत, असं असलं की हा फार कामी येतो.

४. वीज गेली तर?

वादळ-पाऊस सुरू झाला की आमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो. वर्ड किंवा नोटपॅडमध्ये कंट्रोल + एस दाबलं की फाइल सेव्ह होते. पण ब्राउझरमधल्या फॉर्मवर तेच दाबलं तर वेब पेजची प्रत सेव्ह होते, अर्ज सेव्ह होत नाही! त्यासाठी फॉर्ममध्येच सेव्हचं बटण असेल तर ते दाबा. मोठी उत्तरं आधी नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करा, मग पेस्ट करा.

चुकून कंट्रोल + डब्ल्यू दाबून टॅब बंद झाला तर कंट्रोल + शिफ्ट + टी ने तो परत येतो. भरलेली माहिती मात्र परत येईलच असं नाही.

५. कॉम्प्युटर दुसऱ्याचा असेल तर

विंडोज + व्ही दाबून बघा. क्लिपबोर्ड हिस्टरी सुरू असेल तर याआधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दिसते, त्यात तुमचा आधार क्रमांकही असू शकतो. उठण्याआधी ती यादी पुसा आणि साइटवरून लॉग-आउट करा. स्वतःच्या कॉम्प्युटरवरून थोडा वेळ उठायचं असेल तर विंडोज + एल. स्क्रीन लॉक होते, उघडं काम तसंच राहतं. पासवर्ड किंवा पिन मात्र ठेवलेला हवा.

आज फक्त पहिला शॉर्टकट पाच-सहा वेळा करून बघा. बाकीचे फॉर्म भरता भरता हातात बसतील.