मिरी घातलेलं हळदीचं दूध

कल्याणच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, परळच्या रुग्णालयाच्या फेऱ्या आता कमी झाल्या, टॅमॉक्सिफेनची गोळी मात्र रोज चालू आहे. शेजारणीच्या सांगण्यावरून त्या रात्री मिरपूड घालून हळदीचं दूध घेतात. शिवाय भाच्याने आणून दिलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल आहेतच. 'वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार?' असं त्या विचारतात.

नेमका हाच प्रश्न रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी तपासला. टॅमॉक्सिफेन आहे त्या रूपात फारसं काम करत नाही. यकृतातली विकरं त्यापासून एन्डॉक्सिफेन घडवतात आणि कर्करोगाशी खरी झुंज ते देतं. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना दिवसातून तीनदा १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तातलं एन्डॉक्सिफेन सुमारे ८ टक्क्यांनी उतरलं. जोडीला मिरीतलं पायपरीन दिल्यावर १२ टक्क्यांनी. अभ्यास छोटा होता आणि या घटीमुळे आजार उलटतो असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. पण ज्यांच्या शरीरात एन्डॉक्सिफेन मुळातच कमी तयार होतं, त्यांना एवढी घटही परवडणारी नाही.

मिरीचा यात काय संबंध? कर्क्युमिन पोटात गेलं की आतडं आणि यकृत त्याला झपाट्याने बाहेरची वाट दाखवतात. पायपरीन या निचऱ्याला अडसर घालतं. १९९८मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की त्यामुळे माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीसपट पोचतं. जाहिरातींना हा आकडा फार आवडतो. पण कर्करोगाच्या कितीतरी औषधांची घडण आणि निचरा याच यंत्रणेवर चालतो, हे त्या जाहिरातींत नसतं.

'वनस्पतीच तर आहे' हे वाक्य ऐकलं की मला मनसुख वाणी आठवतात. १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१मध्ये पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल जगापुढे आणलं. आज जगभरच्या केमोथेरपी वॉर्डांत जी सलाइनं लागतात, त्यांतल्या कितीतरींचा उगम या दोघांच्या प्रयोगशाळेत आहे. २०२०मध्ये वाणी गेले. आपल्या शाळांच्या भिंतींवरच्या शास्त्रज्ञांच्या रांगेत त्यांचा फोटो मी अजून पाहिलेला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतही आहे, नरक्या नावाच्या झाडात. फुलांना दुर्गंधी, म्हणून हे नाव. पण त्याची साल उकळून पिणं म्हणजे उपचार नव्हे. १९७०च्या सुमारास कॅम्प्टोथेसिनच्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्याच्या रेणूत फेरफार करून आयरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन बनली आणि १९९६मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तोवर तीस वर्षं गेली होती.

पुढची गोष्ट तर विलक्षण आहे. युरोपात उदासपणावर सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती सर्रास घेतात. २००२मध्ये रॉटरडॅममध्येच आयरिनोटेकॅनवरच्या पाच रुग्णांना ती देऊन पाहिली, तर औषधाचं क्रियाशील रूप रक्तात ४२ टक्क्यांनी घटलं. झाडातून आलेल्या औषधाला दुसऱ्या झाडाने नमवलं! आपल्याकडेही करोनाकाळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. पण केमोथेरपी सोसणाऱ्या यकृतावर असा धोका मी तरी पत्करू देणार नाही.

तर ताई, भाजीत हळद खुशाल घाला. हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के असतं. रॉटरडॅमच्या अभ्यासाइतकं कर्क्युमिन पोटात जायला रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल. कॅप्सूलचं गणित वेगळं आहे. त्या आजपासून थांबवा आणि पुढच्या फेरीला बाटली पिशवीत टाकून परळला न्या, लेबल डॉक्टरांना वाचू द्या. वैद्यांचा काढा चालू असेल तर तोही सांगा, आणि वैद्यांना टॅमॉक्सिफेनचं सांगा. ती गोळी मात्र एकही दिवस चुकवू नका.