अडवलेला चिखल जातो कुठे?

मडफ्लॅप घेताना गिऱ्हाईक सहसा दोनच प्रश्न विचारते: केवढा आणि केवढ्याला. जितका मोठा आणि जितका खाली लोंबणारा तितका चांगला, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब चुकतो. चाकामागे लावलेली रबराची किंवा प्लॅस्टिकची ही पट्टी चिखल नाहीसा करत नाही, त्याची जागा बदलते. दारावर आणि दाराखालच्या पत्र्यावर उघडपणे बसणाऱ्या चिखलाचा काही भाग ती चाकाच्या कमानीच्या कडेला नेऊन ठेवते, जिथे धुणाऱ्याचा हात आणि मालकाची नजर दोन्ही पोचत नाहीत. म्हणून फ्लॅपचा उपयोग त्याच्या आकारावर कमी आणि तो गाडीला कसा बसवला आहे, त्याच्या फटीतला गाळ पुढे कोण काढतो, यावर जास्त ठरतो.

आधी चाक चिखल उडवते कसे ते पाहू. गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे असे धरू. चाक सेकंदाला दहाहून अधिक फेरे घेते. टायरला चिकटलेल्या कणाला त्या वर्तुळात फिरत राहायचे तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १३५ पट त्वरण लागते. पाण्याचा पातळ थर पृष्ठताणाच्या जोरावर काही काळ तग धरतो; जाड थेंब, चिखलाचा गोळा किंवा टायरच्या खाचेत अडकलेला खडा धरू शकत नाही. तो सुटतो, आणि सुटतो तो स्पर्शरेषेच्या दिशेने. टेकल्याच्या जागेपासून चाक ३० अंश वर वळल्यावर खडा सुटला, तर गाडीच्या दृष्टीने तो ३० अंशांच्या चढावर, गाडीच्याच वेगाने मागे जातो आणि दाराखालच्या पत्र्याच्या पुढच्या टोकावर जवळजवळ समोरून आदळतो. १५ अंशांवर सुटलेला खडा जमिनीलगत जातो. तो गाडीच्या तळाला लागलाच तर घासत लागतो, आणि पत्र्यावर सरळ बसणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या पंधराव्या हिश्श्याइतकीच असते.

आता टायर जिथे टेकतो तिथून ४० सेंटिमीटर मागे, जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर संपणारा फ्लॅप लावला, तर भूमितीप्रमाणे साधारण २४ अंशांच्या वर सुटलेले कण त्यावर अडतात आणि त्याखालचे निसटतात. म्हणजे बेताचा फ्लॅपसुद्धा सर्वांत घातक मारा अडवतो. तो आणखी खाली नेला तर जे जास्तीचे अडते ते बहुतेक घासून जाणारेच असते. त्याची किंमत मात्र गतिरोधकावर, तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर आणि रिव्हर्स घेताना मोजावी लागते. फूटपाथच्या कडेला टेकलेला लांब फ्लॅप टायरकडे दुमडतो, टायरखाली सापडतो आणि निघताना चाकाच्या कमानीतले प्लॅस्टिकचे अस्तरही उपसून आणतो.

मागच्या गाडीच्या काचेचे काय, हा प्रश्न इथे येतोच. पुढच्या गाडीने दगड ‘फेकला’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण रस्त्यावर उभे राहून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. टायरचा टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्याच्या तुलनेत स्थिर असतो. तिथून १५ अंशांवर सुटलेला खडा मागे जातच नाही. तो सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने वर उडतो आणि उलट किंचित पुढे सरकतो. हवेचा विरोध सोडून दिला तर तो सुमारे १.४ मीटर उंची गाठतो आणि एक सेकंदभर हवेत राहतो. तेवढ्या वेळात मागची गाडी २० मीटर पुढे आलेली असते आणि तीच त्याच्यावर जाऊन आदळते. काच तडकवणारा वेग मागच्या गाडीचा स्वतःचा असतो. वर सांगितलेल्या मापाच्या फ्लॅपखालून हा खडा आरामात निसटतो, तेव्हा त्यावर उपाय म्हणजे दोन गाड्यांमधले अंतर. फ्लॅप विकताना या बाबतीत जे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे.

अधिक झाकणारा फ्लॅप म्हणजे अधिक सुरक्षा, हे गृहीतक एकदा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. इलिनॉय राज्याने ट्रक आणि ट्रेलरना चाकाच्या गोलाईबरोबर वळणारे मडगार्ड सक्तीचे केले होते. किमान ४५ राज्यांत सरळ लोंबणारे फ्लॅप चालत, आर्कान्सामध्ये तर तेच सक्तीचे होते. म्हणजे दोन्ही राज्यांतून जाणाऱ्या ट्रेलरने वाटेत फ्लॅप बदलायचे! १९५९ मध्ये ‘बिब विरुद्ध नॅव्हाहो फ्रेट लाइन्स’ या खटल्यात इलिनॉयचा नियम रद्द झाला. निकालाचा पाया आंतरराज्य व्यापारातला अडथळा हा होता, पण खालच्या न्यायालयाने पुरावा तपासून काढलेला निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. वळणदार मडगार्ड सरळ फ्लॅपपेक्षा सरस ठरत नाहीत, उलट ब्रेकच्या ड्रमभोवती उष्णता कोंडून धरतात आणि निखळून रस्त्यावर पडण्याचा नवा धोका निर्माण करतात, असे त्याला आढळले. ट्रकच्या चाकांमागे उठणाऱ्या तुषारांबद्दल युरोपने १९९१ मध्ये नियम केले तेव्हा भर फ्लॅपच्या लांबीवरच राहिला नाही, त्याचा पृष्ठभागही विचारात घेतला गेला. गुळगुळीत पट्टीवर आपटलेले पाणी फुटून बारीक धुके होते. गवतासारखे तंतू असलेल्या पट्टीत ते मुरते आणि खाली निथळते.

अडवलेल्या चिखलाकडे आता वळू, कारण खरे नुकसान तिथे होते. फ्लॅप आणि पत्रा यांच्यामधल्या अरुंद फटीत माती शिरते आणि ओल्या पोटिसासारखी पत्र्याला लागून बसते. महाराष्ट्राच्या पठारावर ही माती बहुधा काळी असते. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते; ती पाणी पिऊन फुगते, सुकताना आक्रसते आणि वरून खपली धरली तरी आतून ओली राहते. गाडीचा उघडा पत्रा पाऊस थांबला की वाळतो. फटीतला पत्रा दोन सरींच्या मधल्या उघडिपीतही भिजलेलाच असतो. शिवाय मातीच्या थराखाली प्राणवायू कमी पोचतो आणि थराच्या कडेला तो मुबलक असतो. या फरकामुळे एकाच पत्र्यावर छोटा विद्युत घट तयार होतो, आणि लोखंड विरघळते ते कमी प्राणवायूच्या, म्हणजे झाकलेल्या बाजूला. गंज बाहेरून दिसत नाही तो यामुळे. कोकणात आणि मुंबईत यात मिठाची भर पडते. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की आपण होऊन पाणी शोषून घेते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर एवढी आर्द्रता रोजची असते. म्हणजे पाऊस न पडताही तिथल्या फटीतला चिखल ओला राहू शकतो.

यावर सगळ्यात सबळ आक्षेप असा की हल्लीच्या गाड्यांचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, त्यावर विद्युत पद्धतीने चढवलेला प्रायमर असतो आणि वर रंगाचे थर. मग गंजाची भीती कशाला? आक्षेप रास्त आहे. हे सगळे थर शाबूत असतील तर फटीतला चिखलही लवकर काही करू शकत नाही. पण हे सगळे थर मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते, आणि फ्लॅप बसवतानाच ती दोन ठिकाणी मोडली जाते. एक म्हणजे ड्रिल. दुकानदार सोयीच्या जागी भोक पाडतो आणि स्क्रू पिळतो. भोकाच्या कडेला उघडे पोलाद राहते. जस्त शेजारच्या पोलादासाठी स्वतः झिजते हे खरे, पण ते अगदी थोड्या अंतरापुरते आणि संपेपर्यंतच. स्टेनलेस स्क्रू लावल्याने स्क्रू वाचतो, भोकाची कड वाचत नाही. दुसरी जागा म्हणजे फ्लॅपची स्वतःची कड. गाडी चालताना ती थरथरते, मध्ये अडकलेली वाळू रंगाहून कितीतरी कठीण असते, आणि पॉलिश कागदाचे काम महिनोन्‌महिने चालू राहते. तेव्हा मुलाम्याच्या जोरावर करायचा युक्तिवाद फ्लॅपविरुद्ध जात नाही, तो ड्रिलविरुद्ध जातो.

बहुतेक गाड्यांत चाकाच्या कमानीच्या कडेला अस्तर धरून ठेवणारे स्क्रू किंवा क्लिप आधीपासून असतात, आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेला फ्लॅप त्याच भोकांवर बसतो. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की चाक न काढता हात पोचतो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असा फ्लॅप स्वस्त पडतो, पण त्याला नवी भोके लागतात. माझ्या मते तिथे वाचवलेले पैसे सर्वांत महागात पडतात. भोक पाडावेच लागले तर त्याची कड घासून, गंजरोधक प्रायमर लावून, वाळल्यावरच स्क्रू बसवावा. रंगाला जिथे फ्लॅप टेकतो तिथे आधी पारदर्शक संरक्षक फिल्मची पट्टी चिकटवावी. फोमची पट्टी लावू नये, साधा फोम पाणी धरून ठेवतो. स्क्रू करकचून आवळले तर प्लॅस्टिक दबत जाऊन पुढे सैल होते, म्हणून खाली रुंद वॉशर हवा. शेवटी स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, गाडीत माणसे बसवून, टायर कुठे घासत नाही ना ते पाहावे. फ्लॅपच्या तळाशी पाणी निघायला फट उरली पाहिजे. ती सिलिकॉनने बुजवणारे महाभाग आहेत. ते फ्लॅपचे भांडे करतात.

मायलेज घटते का? टायरच्या रुंदीएवढा फ्लॅप टायरने आधीच फोडलेल्या हवेत उभा असतो, त्यामुळे त्याचा विरोध थोडाच. टायरच्या दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारा फ्लॅप मात्र थेट वारा खातो. गरज असती तर कंपनीनेच दिला नसता का, हा दुसरा प्रश्न. कंपन्या दाराखालच्या पत्र्यावर खडीचा मार सोसणारा वेगळा लेप देतात आणि बऱ्याच मॉडेलांसाठी फ्लॅप ॲक्सेसरी म्हणून विकतातही. कच्च्या रस्त्यावर आणि खडी उखडलेल्या महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीला तो लेप पुरत नाही. उलट जी गाडी शहरात ताशी ३० किलोमीटरच्या वर क्वचितच जाते, तिच्या चाकाने उडवलेल्या खड्याची ऊर्जा ताशी ८० किलोमीटरच्या वेगाशी तुलना करता सातव्या हिश्श्याएवढी असते. तिला फ्लॅप नसला तरी चालेल. डबक्यातले पाणी पादचाऱ्यांवर उडते तेही फ्लॅपने थांबत नाही, कारण ते टायरने बाजूला ढकललेले असते, मागे फेकलेले नसते. तिथे ब्रेकच लागतो.

फ्लॅप लावला असेल तर पावसाळ्यात गाडी धुताना पाण्याचा झोत चाकाच्या बाजूने, वरून खाली, फटीत सोडायला सांगा आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबा. बाहेरून झोत मारला तर गाळ आणखी आत ठासला जातो. फ्लॅप काळे असतात कारण त्यातले काजळीचे कण ऊन शोषून रबराला वाचवतात. तरीही काही वर्षांनी ते कडक होतात. वाकवून पाहिल्यावर बारीक भेगा दिसल्या तर बदलावेत, कारण तडकलेला फ्लॅप रस्त्यावर सुटतो. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, चारही फ्लॅप एकदा पूर्ण उतरवून मागचा पत्रा धुवा, वाळवा, रंगाला ओरखडा असेल तर टचअप करा आणि मगच परत बसवा. एवढे करायची तयारी नसेल, तर फ्लॅप न लावलेलेच बरे.